‘तुकडी’ आणि ‘ढ’ : शालेय वर्गीकरणाच्या परिभाषेची चिकित्सा

विद्यार्थ्यांच्या बौद्धिक वर्गीकरणासंबंधी मराठीत जे लेखन झाले आहे, ते बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळताना दिसते. हुशार आणि कच्ची मुले एकत्र बसवावीत की वेगवेगळी, हा तो प्रश्न होय. एक पक्ष म्हणतो, वेगळी बसविल्याने कच्च्या मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होतो. दुसरा म्हणतो, एकत्र बसविल्याने शिक्षक वर्गातील वरच्या दहा-बारा मुलांनाच शिकवितो व उरलेल्यांचे वर्ष वाया जाते. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि म्हणूनच हा वाद संपत नाही. आमच्या मते प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. वर्गीकरण मुलाचे करावयाचे की त्याला शिकवावयाच्या गोष्टीचे, आणि ते किती काळासाठी, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरविण्यात आपली शालेय परिभाषा आपणांस मदत तर करीत नाहीच, उलट ती आपली दिशाभूल करते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द. ‘इयत्’ म्हणजे इतके; त्यावरून इयत्ता म्हणजे इतकेपणा, परिमाण. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात समुद्राच्या अपरिमेय रूपाच्या संदर्भात कालिदासाने तो वापरला आहे. ज्याचे माप घेता येत नाही अशा वस्तूच्या वर्णनात आलेला हा शब्द मराठी शाळेने मुलाचे माप घेण्यासाठी उचलावा, हा एक योगायोगच म्हटला पाहिजे. तथापि मूळ अर्थाने हा शब्द निर्दोष आहे. मुलाला ‘इतके’ येते, म्हणून तो ‘या’ इयत्तेत, असा त्याचा सरळ संकेत. जुन्या पंतोजींच्या शाळेत हा संकेत पुष्कळसा पाळलाही जात असे. तेथे वयाचा हिशेब गौण होता. धुळाक्षरे गिरविणारा मुलगा आणि पावकी-निमकी म्हणणारा मुलगा एकाच ओसरीवर बसत, व एकाचे धडे संपले की तो पुढच्याच्या पंक्तीला जाई. त्या शाळेची छडी, पाठांतराचा अतिरेक आणि तिची बंद दारे यांविषयी आम्हांस मुळीच ममत्व नाही. स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांना तेथे प्रवेश नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पंक्ती बदलण्याची सोय मात्र तेथे होती. पुढे सरकारी शाळांतून वयानुसार वर्ग बांधले गेले, वार्षिक परीक्षा आली आणि इयत्तेचा ‘इतकेपणा’ मुलाच्या ज्ञानाला न लागता त्याच्या वयाला लागला.

‘तुकडी’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. इंग्रजी ‘डिव्हिजन’साठी तो रूढ झाला. एका इयत्तेत मुले जास्त झाली की त्यांचे दोन-तीन भाग करावयाचे, ही केवळ व्यवस्थेची बाब होती. परंतु भाग कोणत्या तत्त्वावर करावयाचे, हे ठरविण्याची वेळ येताच गुणपत्रक पुढे आले. मागील वर्षीच्या एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने पहिली साठ मुले ‘अ’, नंतरची ‘ब’, उरलेली ‘क’ किंवा ‘ड’. ज्या शब्दाचा अर्थ केवळ ‘अंश’ असा होता, तो पाहता पाहता प्रतवारीचा वाचक झाला. ‘क तुकडीतला’ हे विशेषण माध्यमिक शाळेच्या आवारात काय सुचविते, हे वाचकांस सांगावयास नको.

आणि मग ‘ढ’. मराठीने एका अक्षरालाच शिवी बनविले, याचे एक पारंपरिक स्पष्टीकरण मोठे मार्मिक आहे. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरे इतकी पालटली की ती ओळखू येत नाहीत. ‘ढ’ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. तेव्हा जो मुलगा पुढे सरकत नाही तो ‘ढ’. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरेल की नाही हा प्रश्न वेगळा. लिपीविषयीचे तिच्यातील निरीक्षण मात्र बरोबर आहे. आम्हांस तिचे महत्त्व वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. ‘ढ’ म्हणणारा मनुष्य मुलाला आज काय येत नाही हे सांगत नाही. ते कधीच येणार नाही, असे भविष्य वर्तवितो. ‘कच्चा’ या शब्दात निदान पिकण्याची शक्यता शिल्लक असते. ‘ढ’मध्ये तीही नाही. तुकडीपद्धतीच्या मुळाशी ही ‘ढ’-कल्पनाच आहे, आणि तिला विज्ञानाचा पोशाख चढविण्याचे काम विसाव्या शतकात बुद्धिमापनाने केले.

येथे बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञावर मोठा अन्याय झाला आहे. त्याने सिमोनच्या साहाय्याने १९०५ साली जी श्रेणी सिद्ध केली, तिचा हेतू पॅरिसच्या शाळांतून ज्या मुलांना विशेष शिक्षणाची गरज आहे ती शोधून काढणे एवढाच होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे, या मताचा त्याने १९०९ च्या ग्रंथात स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि अशा मुलांसाठी बौद्धिक व्यायामाचे पाठ सुचविले. श्रेणी अटलांटिक ओलांडून गेल्यावर टर्मनच्या १९१६ च्या आवृत्तीत तिचे रूप बदलले. निदानाचे साधन निर्णयाचे साधन झाले. आपल्याकडे वि. वि. कामत यांनी कानडी व मराठी मुलांसाठी बिने-श्रेणीचे जे रूपांतर केले व ज्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला, ते या विषयातील पायाभूत कार्य होय. ‘बिने-कामत’ या नावाने ती कसोटी पुढेही दीर्घकाळ वापरात राहिली. एक प्रशिक्षित परीक्षक, समोर एक मूल, आणि दोघांमध्ये बराच वेळ चालणारी प्रश्नोत्तरे, असे तिचे स्वरूप आहे. शाळेतील तुकड्या पाडताना अशी कसोटी कोणी लावीत नाही. तेथे गणित, भूगोल, हिंदी आणि चित्रकला यांच्या गुणांची बेरीज लावली जाते. म्हणजे बुद्धिमापनाने दिलेला आत्मविश्वास आपण घेतला, त्याची शिस्त घेतली नाही.

गुणांची ही बेरीज काय मोजते, हे पाहावयाचे तर एखादा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानचे शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातील गाव घेऊ. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे ते दूरवर परिचित आहे. हा भाग १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वसमतच्या बाजूस पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस आणि हळद. उलट डोंगराकडील कोरडवाहू गावांतून दिवाळीनंतर मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला जेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात आणि पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची असते, तेथे घरातील मूल कोठे राहील, हा शैक्षणिक प्रश्न राहत नाही. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तीत सर्व मुले सामावतात असे नाही, आणि धाकट्या भावंडाला सांभाळावयास एक मूल फडावर लागतेच. गाळपाचा हंगाम संपून टोळी परतते ती वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. या मुलाचा जो गुणांक येईल, तो त्याच्या बुद्धीचा नसून त्याच्या गैरहजेरीचा आहे. तरी पुढल्या जूनमध्ये तो ‘क’ तुकडीत बसतो, आणि अकरा-बारा वर्षांचा तो मुलगा स्वतःविषयी जो निष्कर्ष काढतो तो गैरहजेरीविषयीचा नसतो.

याच प्रदेशाच्या इतिहासात वर्गीकरणाचे दुसरेही एक जुने साधन आहे. ते म्हणजे माध्यम. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू होती, व माध्यमिक शिक्षणही उर्दूतूनच चाले. मराठी घरातून आलेला मुलगा त्या शाळेत ‘ढ’ ठरला असेल तर ते भाषेमुळे की बुद्धीमुळे, हे ठरविण्याची तेथे सोयच नव्हती. मराठवाडा त्या व्यवस्थेतून मुक्त झाला खरा. परंतु गेल्या काही दशकांत ‘सेमी इंग्रजी’ची जी तुकडी महाराष्ट्रभर रूढ झाली, तिने तेच कोडे नव्या रूपात परत आणले आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, अशी ही रचना. ती ऐच्छिक आहे असे म्हणतात. प्रत्यक्षात अनेक शाळांत वरच्या गुणांची मुले सेमीत आणि उरलेली ‘मराठी’ तुकडीत अशी विभागणी होते, आणि मातृभाषेतून गणित शिकणे ही मागे राहिल्याची खूण ठरते. मराठीच्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही. साहित्यसंमेलनांतून मराठीच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्यांनी एखाद्या माध्यमिक शाळेत जाऊन ‘मराठी तुकडी’ हा शब्द मुले कोणत्या सुरात उच्चारतात, ते एकदा ऐकावे.

प्रतवारी केवळ शाळेच्या आतच होते असे नाही. याच जिल्ह्यात वसमत येथे नवोदय विद्यालय आहे. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ग्रामीण भागातील गुणवान मुले पाचवीत परीक्षा घेऊन निवडली जातात; एका विद्यालयात दरवर्षी जास्तीत जास्त ऐंशी. योजनेने खेड्यातील कित्येक मुलांचे कल्याण केले, हे निर्विवाद आहे. पण पाचवीच्या गुरुजींची संध्याकाळची जादा तासिका कोणासाठी असते? नवोदय आणि शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांसाठी. गावात त्यांचा फलक लागतो, सत्कार होतो. ज्याला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी जादा तासिका घेतली तर तिचा फलक लागत नाही. शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. समाज ज्याचे मोल करतो तेच तो करतो.

आता तुकडीच्या आत काय घडते ते पाहू. कारण आमच्या मते दोषाचे मूळ तेथे आहे. ‘क’ तुकडी वेगळी काढण्याचे समर्थन असे केले जाते की त्या मुलांना त्यांच्या कुवतीनुसार शिकविता येते. हे खरे असते तर आमची तक्रारच नव्हती. परंतु आठवीच्या ‘अ’ आणि ‘क’ या दोन्ही तुकड्यांत पाठ्यपुस्तक तेच, घटकनियोजन तेच, घटक चाचणी त्याच दिवशी. ‘क’मध्ये फरक एवढाच की प्रकरण थोडे सावकाश घेतले जाते, अवघड उदाहरणे गाळली जातात आणि परीक्षा जवळ आली की महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे उतरवून दिली जातात. वेग कमी करणे म्हणजे पातळी बदलणे नव्हे. ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही त्याला बैजिक राशींचे अवयव कितीही सावकाश शिकविले तरी ते त्याला येणार नाहीत. त्याला वजाबाकीच शिकविली पाहिजे, आणि आठवीच्या वेळापत्रकात वजाबाकीला जागा नाही. शिवाय ही तुकडी कोणाकडे जाते? अनुभवी शिक्षकाकडे ‘अ’, कारण शाळेचा निकाल तेथे घडतो. नव्याने रुजू झालेल्या अथवा तासिका तत्त्वावरील शिक्षकाकडे ‘क’. म्हणजे वर्गीकरणाने जो एकमेव लाभ व्हावयाचा, तो होतच नाही. तोटे मात्र सर्व पदरात पडतात.

या तोट्यांचा शेवट नववीत होतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी ही मनाई शिथिल करण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण नववी कायद्याच्या बाहेर आहे. दहावीचा निकाल खाली येऊ नये म्हणून नववीत मुले अडवावयाची, किंवा त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरावयास सुचवावयाचे, ही प्रथा कोणाही माध्यमिक शिक्षकास अपरिचित नाही. सतरा नंबरने बसलेला मुलगा शाळेच्या टक्केवारीत मोजला जात नाही. ‘ढ’ या शब्दाने जे भविष्य वर्तविले होते, ते येथे शाळा स्वतःच्या हाताने खरे करते.

याच्या उलट असा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला, व त्याची जितकी चर्चा परदेशात झाली तितकी मराठीत झाली नाही. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनी मुंबईत उभारलेल्या ‘प्रथम’ या संस्थेचा ‘बालसखी’ हा तो उपक्रम. मुंबई आणि बडोदे येथील महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरा-वीस मुले दररोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढली जात आणि त्याच वस्तीतील एक तरुणी त्यांना अक्षरे, शब्द, अंक व बेरीज-वजाबाकी शिकवी. उरलेला वेळ ती मुले आपल्याच वर्गात असत. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक निवडीच्या पद्धतीने त्याचे मूल्यमापन केले. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सरासरी गुणांत पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट व दुसऱ्या वर्षी ०.२८ पट वाढ दिसली, आणि ती मुख्यतः तळाच्या मुलांमुळे झालेली होती. याहून लक्षणीय गोष्ट अशी की ही मुले बाहेर गेल्यावर नियमित शिक्षकाचा वर्ग लहान झाला, तरीही तेथे उरलेल्या मुलांची प्रगती फारशी वाढली नाही.

या निष्कर्षाचा अर्थ काहींनी असा लावला की कच्च्या मुलांना कमी वेतनाची, अप्रशिक्षित शिक्षिका पुरेशी आहे. हा अर्थ चुकीचा आणि धोक्याचाही आहे. बालसखीजवळ नियमित शिक्षकापेक्षा अधिक विद्या नव्हती. तिच्याजवळ पाठ्यक्रम ‘पूर्ण’ करण्याची सक्ती नव्हती, एवढाच तिचा अधिकार. बिहारमधील पुढच्या अनुभवाने हे अधिक स्पष्ट झाले. तेथे सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी वर्गांत ही पद्धत वापरली तेव्हा मुलांच्या वाचनात फरक पडला. त्याच शिक्षकांनी तीच पद्धत शाळेच्या नेहमीच्या दिवसांत वापरावी अशी अपेक्षा केली, तेव्हा परिणाम दिसला नाही. नंतर हरियाणात दररोज एक तास राखून ठेवला, त्या तासापुरती मुले इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसविली आणि देखरेखीची व्यवस्था केली, तेव्हा हिंदीच्या वाचनात सुधारणा पुन्हा दिसून आली. म्हणजे शिक्षक बदलावा लागत नाही. त्याला वेळापत्रकातून एक तास मोकळा करून द्यावा लागतो. आणि तो तास संपला की गट विसर्जित होतो. शिरड शहापूरच्या त्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला मार्चअखेर परतल्यावर असा तास मिळाला, तर तो चार महिन्यांची तूट भरून काढू शकेल. ‘क’ तुकडीत मात्र ती तूट वर्षभर गोठविली जाते.

येथे एक आक्षेप संभवतो व तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. केनियातील १२१ प्राथमिक शाळांत डुफ्लो, ड्युपा व क्रेमर यांनी केलेल्या प्रयोगात पहिलीची मुले प्रारंभिक गुणांनुसार दोन तुकड्यांत विभागली होती, व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तुकड्यांना लाभ झाला. मग तुकडीपद्धतीस विरोध का? उत्तर त्या प्रयोगाच्या रचनेतच आहे. तेथे शिक्षक तुकड्यांना चिठ्ठ्या टाकून दिले होते. चांगला शिक्षक वरच्या तुकडीला, अशी वाटणी नव्हती. मुले पहिलीची असल्याने पातळी बदलण्यास अवकाशही होता. आपल्या एखाद्या माध्यमिक शाळेने ‘अ’ आणि ‘क’चे शिक्षक जूनमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरविण्याचे धाडस केले, तर आम्ही आमचा विरोध पुष्कळसा मागे घेऊ. असे धाडस कोणी करील अशी चिन्हे नाहीत. पालकच ते करू देणार नाहीत, आणि ते नेमके कोणते पालक हेही उघड आहे.

शेवटी शासकीय परिभाषेविषयी. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मुलाला शिकता येते, ही त्यामागची श्रद्धा ‘ढ’-कल्पनेच्या थेट विरोधी होती, आणि तिचे श्रेय त्या कार्यक्रमास दिले पाहिजे. पायाभूत चाचणी घ्यावी, मागे राहिलेल्यांवर काम करावे, ही दिशाही योग्यच. पण पायाभूत चाचणीत मागे राहिलेल्या मुलास नाव मिळाले ‘अप्रगत’. व्याकरणदृष्ट्या ‘प्रगत’ हे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे पुढे गेलेला. ‘अप्रगत’ म्हणजे न गेलेला. तो शब्द वाचनाला लावला असता तर हरकत नव्हती. तो मुलाला लागला आणि फलकावर, तक्त्यावर, बैठकीत ‘अप्रगत किती?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला. शाळा शंभर टक्के प्रगत झाल्याचे जाहीर करण्याची स्पर्धा लागल्यावर, ही संख्या कमी करण्याचे दोन मार्ग उरतात हे सांगणे न लगे. त्यांतील एकात मुलाला वाचता येण्याची आवश्यकता नसते. २००९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमातील भाषा या बाबतीत अधिक संयमी आहे. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे तेथे शिक्षकाचे कर्तव्य मानले आहे. बालकाला कोणतेही नाव दिलेले नाही.

या विषयावर आपल्या विद्यापीठांतून जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत ‘अ’ व ‘क’ तुकड्यांच्या गुणांची तुलना करून ‘लक्षणीय फरक’ असल्याचा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. गुणांवरूनच पाडलेल्या तुकड्यांच्या गुणांत फरक सापडणारच. त्यासाठी संख्याशास्त्र राबविण्याची गरज नव्हती. त्याऐवजी एखाद्या शाळेचे दहा वर्षांचे हजेरीपट काढून, पाचवीत ‘क’मध्ये बसलेली किती मुले दहावीपर्यंत कधीतरी ‘ब’ किंवा ‘अ’मध्ये गेली, किती नववीत गळाली, आणि त्या सर्व वर्षांत ‘क’चा वर्गशिक्षक किती वर्षांच्या अनुभवाचा होता, एवढ्या तीन गोष्टींची नोंद कोणी केली तर ते काम एका पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे होईल. हिंगोली व परभणी जिल्ह्यांतील अभ्यासकाने त्यांच्याच शेजारी चौथा रकाना आखावा : नोव्हेंबर ते मार्च या काळातील हजेरी.